खुर्ची बसवलेली जीप

जीप आमच्या दारात आली ती ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून. लातूरहून अहमदपूरपर्यंत तिला तशीच ओढत आणली होती. स्टिअरिंगवर माझे सासरे बसले होते, पाठ ताठ, अंगात नोकरीतला खाकी शर्ट. त्यांना आम्ही मामा म्हणत असू. गल्लीतले लोक ओट्यावर येऊन बघत होते आणि मामा कुणाकडे न बघता समोर बघत होते.

लातूर जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. नवीन कचेऱ्या, नवीन पाट्या, नवीन साहेब. जुन्या जिल्ह्याकडून वाटणीत जे मोडकं आलं होतं त्याचा लिलाव निघाला आणि त्यात ही जीप होती. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं मामांनी तीच चालवली होती. आमच्या घराण्यात सरकारी पगार घेणारे ते पहिले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबून काढलं, आणि मामांच्या शेजारी मात्र इंजिनिअर साहेब बसायचे. त्यामुळे त्या जीपवर त्यांचा जीव असणार हे मला कळत होतं. पण रिटायर झालेल्या माणसाने बंद पडलेली गाडी घरी आणून काय करायचं हे कळत नव्हतं.

माझे यजमान नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात कारकून लागले होते. लातूरला खोली करून राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्या शनिवारी त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली.

"आबा, हे भंगार कशाला आणलंत?"

"तुझ्या आईला नांदेडला न्यायचंय," मामा म्हणाले.

यजमान आत निघून गेले. ते आपल्या आईबद्दल फार बोलत नसत.

सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अहमदपूरच्या डॉक्टरांनी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. एकदा नेलंही होतं, एसटीने. स्टँडवर दोघांनी धरून चढवलं, तर मागच्या गर्दीत त्यांचं लुगडं सुटलं. त्यांना ते एका हाताने सावरता येईना. त्या दिवसापासून एसटीचं नाव काढलं की त्या डावा हात उशीखाली घालून डोळे मिटून घ्यायच्या. भाड्याची गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून मामांनी ही जीप आणली होती.

पहिले आठ-दहा दिवस मी लांबूनच बघत होते. लिंबाखाली जीप उभी, तिचं बॉनेट उघडं आणि मामा त्यात वाकलेले. एकदा चहा घेऊन गेले तर ते इंजिनात तेल ओतत होते. डब्याची धार तोंडाच्या बाहेर पडत होती आणि तेल खाली मातीत चाललं होतं.

"मामा, तेल बाहेर चाललंय."

त्यांचा हात थांबला. "उजेड कमी हाय," ते म्हणाले.

सकाळचे अकरा वाजले होते. उन्हाने पत्रे तडतडत होते.  दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आवरून मी न बोलावता त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "माय, बाराचा पाना दे." मी पान्यावरचा आकडा वाचून दिला. त्या दिवसापासून आमचं तसंच सुरू झालं. डोळे माझे, हात त्यांचे. दिसत नाही असं त्यांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला पाना कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. पण मामा चांगले शिकवायचे. कार्ब्युरेटर उघडताना प्रत्येक स्क्रू ताटात मांडून ठेवायला लावायचे, निघाला त्याच क्रमाने. हेडचं गास्केट मिळेना तेव्हा लातूरहून यजमानांकडून जुन्या गाडीचं आणवलं आणि त्याची फाटलेली कड तांब्याच्या तारेने बांधली. क्लचच्या पेडलची पट्टी, स्प्रिंगच्या पाट्यांमधली रबरं असं बरंच काही आम्ही टायरच्या तुकड्यातून कापलं. माझी कात्री त्यात कायमची बोथट झाली. रेडिएटर दोन ठिकाणी गळत होता. एका जागी मामांनी कथलाचा डाग दिला. दुसरी जागा आतल्या बाजूला होती, तिथे हात पोचेना. तेव्हा त्यांनी माझ्याकडून हळद मागितली आणि पाण्यात कालवून आत सोडली.

"गरम झाली की चिकटून बसती. महिना-दोन महिने निघत्यात."

पाणी हाच तेव्हा मोठा प्रश्न होता. दोन वर्षं पाऊस नव्हता. गावाच्या विहिरी खडखडीत होत्या, टँकर चौथ्या दिवशी यायचा, आला तर. रेडिएटरला आठ-नऊ लिटर लागायचे. मी भाजी धुतलेलं, तोंड धुतलेलं पाणी एका डब्यात जमवायचे आणि पातळ फडक्यातून गाळून मामांना द्यायचे. शेजारची बाई एकदा म्हणाली, "माणसाला न्हाई आन गाडीला पाणी?" तिचं काही चुकत नव्हतं.

खुर्चीचं मामांच्या मनात पहिल्यापासून होतं. सासूबाईंना मागच्या बाकावर बसता येणार नव्हतं, तोल जायचा. आडवं निजवून न्यावं तर त्यांना गुदमरायचं. बाजारातला एक न्हावी दुकान बंद करून नांदेडला भावाकडे निघाला होता. दुष्काळात लोक दाढीसुद्धा उधारीवर ठेवतात, तो म्हणाला. त्याची लोखंडी फिरती खुर्ची मामा हातगाडीवर घालून घेऊन आले. मागची बाकं काढून त्या जागी ती बसवली. तळाला चार बोल्ट, खाली धक्का खाण्यासाठी ट्यूबच्या घड्या. डोकं टेकायची गादी मी नव्याने भरली. जुन्या लुगड्याच्या धडप्याचे पट्टे शिवले, एक छातीला, एक मांड्यांना. खुर्ची फिरायची ती तशीच ठेवली, म्हणजे मागच्या बाजूने बसवून मग तोंड पुढे करता येईल.

ताडपत्रीचं हूड मी मशीनवर शिवलं. तीन सुया मोडल्या. सासूबाईंना बाहेरचं दिसावं म्हणून बाजूला खिडकी हवी होती, तर दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक्स-रेच्या जुन्या फिल्मा दिल्या. सोड्याने घासून त्यांचा काळा रंग काढला. एकीवर कुणाच्या तरी बरगड्या पुसट राहूनच गेल्या. ती मी पलीकडच्या बाजूला लावली.

जीप सुरू झाली तेव्हा चैत्र लागला होता. मामांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि बंद केली. मग म्हणाले, "आता तू शीक."

मला वाटलं ते थट्टा करतायत.

"मामा, मी?"

"मग कोण? त्याला शनिवार-रविवार सोडून सुट्टी न्हाई, आन त्याला शिकायचं बी न्हाई. मी..." एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "रस्ता मला पाठ हाय. पण रस्त्यावर लोकबी असत्यात."

याच्या पलीकडे ते कधी गेले नाहीत.

गावाबाहेरचा तलाव पूर्ण आटला होता. तळाची माती तडकून तिच्या फरशा झाल्या होत्या, मध्ये शिंपले आणि जनावरांची हाडं. मी तिथे गाडी चालवायला शिकले. जिथे माझ्या लग्नाच्या वर्षी डोक्यावरून पाणी होतं तिथे मी पहिल्यांदा दुसरा गिअर टाकला. मामा शेजारी बसून फक्त ऐकायचे. "क्लच आधी, माय. इंजान रडायलंय, ऐक." बकऱ्या चारायला आलेले लोक बांधावर उभे राहून बघायचे. सून जीप चालवते आणि सासरा शेजारी बसतो, ही गोष्ट चार दिवसांत लातूरच्या ऑफिसात पोचली.

"लोक मला विचारायलेत," यजमान म्हणाले. "काय सांगू मी?"

"सांग, आईला दवाखान्यात न्यायचंय," मामा म्हणाले.

"दोन वर्षं झाली, आबा. आता नेऊन काय होणार?"

सासूबाई आतल्या खाटेवर होत्या. त्यांना ऐकू चांगलं यायचं.

आम्ही एका सोमवारी पहाटे निघालो. सासूबाईंना मी अंघोळ घातली, त्या घरात कित्येक दिवसांनी कुणालातरी पुरी अंघोळ मिळाली. खुर्चीत बसवून पट्टे बांधले, खुर्ची फिरवली, तशा त्या हसल्या, तोंडाच्या अर्ध्या बाजूने. पाण्याचे दोन डबे घेतले, एक गाडीचा, एक आमचा, शिवाय एक रिकामी घागर आणि तांब्या. लायसन मामांच्या खिशात होतं आणि स्टिअरिंग माझ्या हातात. ऊन चढायच्या आत आम्ही वाटेतल्या लोह्याच्या पुढे गेलो. मला मागे वळून बघता येत नव्हतं. मामा अधूनमधून हात मागे नेऊन सासूबाईंच्या गुडघ्यावर ठेवत. एकदा ते म्हणाले, "ती खिडकीतनं बघायलीय का?" मी आरशात पाहिलं आणि सांगितलं, "हाव, बघायल्यात." ते खरं होतं.

नांदेडच्या गर्दीत मी कशी शिरले ते आज आठवत नाही. आठवतो तो डॉक्टरांचा चेहरा. वयाने माझ्याएवढेच असतील. त्यांनी सासूबाईंचा हात उचलून सोडला, पाय दाबून पाहिला, जीभ बाहेर काढायला सांगितली. जुन्या चिठ्ठ्या वाचल्या.

"सुरुवातीच्या महिन्यांत व्यायाम द्यायला हवे होते," ते म्हणाले. "आता हात आखडलाय. यात आता सुधारणा व्हायची नाही. जपा त्यांना."

"औषध?" मामांनी विचारलं.

"ब्लडप्रेशरचं चालू ठेवा."

एवढ्यासाठी आम्ही चार महिने जीप उघडून बसलो होतो. मामा उठले आणि दाराकडे जाताना चौकटीवर आदळले. डॉक्टरांनी त्यांना परत बोलावलं, एका डोळ्यापुढे बोट नाचवलं, मग दुसऱ्या. आणि डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथे काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर ऑपरेशनने दिसलं असतं. हा वेगळा. गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकली तर टिकेल, थेंब घाला. मामांनी ते सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "घरात बोलू नको." घरातलं माणूस जीपमधल्या खुर्चीत बसून आमच्याकडेच बघत होतं.

गाडी सुरू करायच्या आधी सासूबाईंनी डाव्या हाताने माझा पदर ओढला. "ना... ना..." म्हणायला लागल्या.

मामांना वाटलं, नको म्हणतायत. मला समजलं. त्यांचं माहेर नायगाव. तिथे त्यांचा एकच भाऊ राहिला होता आणि आजारानंतर त्यांची भेट नव्हती. नांदेडपासून फार लांब नाही.

"आत्या, नायगावला?" मी विचारलं. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे.

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. "पुढच्या खेपेला," ते म्हणाले. "येताना ही लई तापली. आज घरी पोचू. पुढच्या महिन्यात नायगावलाच जाऊ, सरळ."

मी नंतर किती वेळा विचार केला, की त्या दिवशी गाडी नायगावच्या बाजूला वळवली असती तर. बंद पडायचीच होती तर तिकडे पडली असती.

लोह्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, दुपारी तीनच्या सुमाराला, बॉनेटमधून वाफ आली. हळद सुटली होती. मी बाजूला घेऊन थांबवली. डांबर वितळत होतं. झाड नव्हतं. गाडीचा डबा सकाळीच संपला होता, आमच्या डब्यात घोटभर उरलं होतं.

"अर्धा तास हात लावू नको," मामा म्हणाले. "थंड होऊ दे. मग पाणी."

ते मागे जाऊन सासूबाईंना टोपीने वारा घालायला लागले. ताडपत्रीच्या आत भट्टी झाली होती. मी घागर घेऊन रस्त्याच्या कडेच्या गावात गेले. तिथे टँकर नुकताच येऊन गेला होता आणि बायका आपापल्या घागरी भरून बसल्या होत्या, उचलून न्यायचं त्राण यावं म्हणून असेल. मी सांगितलं, दवाखान्यातून आलोय, सासू आजारी आहे, गाडी बंद पडली.

"कोणत्या गावच्या?" एका म्हातारीने विचारलं.

"अहमदपूर."

"कोणाच्या?"

मी सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी घागर उचलून परत निघणार तेवढ्यात ती म्हातारी उठली. तिने स्वतःची घागर उचलली आणि वरूनच, काठाला काठ न लावता, माझ्या घागरीत ओतायला लागली. अर्धी झाल्यावर थांबली. मग दुसरी एक उठली, तिनेही तसंच ओतलं. माझी घागर भरली. त्यांच्या दोघींच्या अर्ध्या झाल्या. चौथ्या दिवशी येणारा टँकर तिकडेही चौथ्याच दिवशी येत असणार.

मी आले तेव्हा सासूबाईंची मान पट्ट्यावर लोंबत होती. ओठ पांढरे. मी तांब्याने त्यांना पाणी पाजलं, तोंडावर फिरवलं. त्यांनी डोळे उघडले, पण परत मिटले. इथून त्यांना काढलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"किती झाले?" मामांनी विचारलं. घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. त्यांनी हात माझ्यापुढे धरला.

मी पाहिलं. थांबून अठराच मिनिटं झाली होती.

"झाला अर्धा तास," मी म्हणाले.

मी रेडिएटरचं झाकण फडक्याने उघडलं आणि घागर कलती केली. मामा हाताने चाचपत पुढे येत होते, बॉनेटजवळ पोचले आणि म्हणाले, "थांब." त्याच क्षणी इंजिनातून टण् असा आवाज आला. मोठा नव्हता. कपबशी तडकावी तेवढा. मग इंजिनाच्या बाजूने पाणी वाहायला लागलं आणि रस्त्यावर सांडलं. दोन बायांनी दिलेलं पाणी. डांबरावर पडून ते बघता बघता वाळलं.

मामांनी इंजिनाच्या ओतीव ब्लॉकवरून बोट फिरवलं, भाजत असताना. भेग त्यांना लगेच सापडली. एक वीतभर होती.

संध्याकाळी एका ट्रकवाल्याने आम्हाला दोर लावला. वाकून बघत तो म्हणाला, "तापलेल्या इंजिनात पाणी कोणी घातलं?"

"मी," मामा म्हणाले.

घरी आल्यावर आम्ही त्या भेगेवर पावसाळाभर काम केलं. पावसाळा म्हणायचा, पाऊस नव्हताच. पितळेची पट्टी स्क्रूने बसवली, कडेला लाख भरली, लोखंडाचा कीस आणि नवसागर घालून बुजवून पाहिलं. गार असताना पाणी टिकायचं. गाडी चालू केली की दहा मिनिटांत पाझर सुटायचा. दुसरा ब्लॉक मिळवायला यजमानांनी चौकशी केली, खरोखर केली, पण त्या जातीची इंजिनं आता येत नव्हती. मामांची नजर त्या महिन्यांत झपाट्याने उतरली. शेवटी शेवटी मी पाना हातात दिला तरी ते तो दोनदा चाचपायचे.

रोज सकाळी ते सासूबाईंना उचलून त्या खुर्चीत नेऊन बसवत. लिंबाची सावली यायची. जीप उभीच, पण खिडकीतून रस्ता दिसायचा, एसटी जाताना दिसायची. सासूबाई तिथे दुपारपर्यंत बसत. कधी "ना" म्हणत. मामा म्हणायचे, "हाव, जाऊ." नायगावला सासूबाईंच्या भावाला आम्ही पत्र टाकलं होतं. ते आले, पण पोचले ते मातीला. सासूबाई कार्तिकात गेल्या. बुद्धवंदना चालू असताना ते भावाच्या नात्याने पुढे बसले होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, की मला अगोदर का कळवलं नाही. त्यांना पत्र दहा दिवसांपूर्वी मिळालं होतं. एसटीला गर्दी, पाण्याची पाळी, बैल विकायचा होता, असं काय काय झालं होतं.

त्यानंतर एका दुपारी मी मामांना सांगितलं. "मामा, त्या दिवशी अर्धा तास झाला नव्हता. अठरा मिनिटं झाली होती."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "हात लावला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईत?"

 ते उठले आणि भिंत धरून आत गेले. ते रागावले होते की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

यजमानांना लातूरला क्वार्टर मिळालं. नव्या वसाहतीत, एकसारख्या दोन खोल्यांच्या रांगा. जीप भंगारवाला घेऊन गेला, खुर्चीसकट. अहमदपूरच्या घरात मामांना चूल, दार, पाण्याचा माठ सगळं पावलांनी माहीत होतं. इथे काहीच कुठे नव्हतं. ते दाराशी सतरंजीवर बसून राहायचे. मी एकदा यजमानांना म्हणाले, की मला लायसन काढायचंय. ते म्हणाले, "कशासाठी?"  घरात गाडी नव्हती, कुठे जायचं नव्हतं.

वसाहतीतही नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. मामा दोन उन्हाळे काढून गेले. त्यांच्या डोळ्यांचे थेंब मी शेवटच्या दिवसापर्यंत घालत होते, सकाळी आणि संध्याकाळी. दोन्ही डोळ्यांनी काही दिसेनासं होऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. ते मान वर करून डोळे उघडे धरायचे, मी थेंब सोडायचे, आणि ते म्हणायचे, "झालं?" मी म्हणायचे, झालं.